कागदाच्या सुरळीतून ऐकलेला न्यूमोनिया

ताप, खोकला, धाप. अशा पेशंटला घेऊन कॅज्युअल्टीत गेलात की बोटाला ऑक्सिमीटर लागतो, एक्स-रे काढायला सांगतात. पण डॉक्टर आधी स्टेथो पाठीवर टेकवून मोठा श्वास घ्यायला लावतात. न्यूमोनियाचा संशय बरेचदा तिथेच बळावतो. हे ऐकायला शिकवलं रेने लायनेक या फ्रेंच डॉक्टरने.

जन्म १७८१, ब्रिटनी प्रांतातला. आई लहानपणीच गेली. नांत शहरातल्या डॉक्टर काकांनी त्याला सांभाळलं. मग तो पॅरिसला शिकायला आला. गडी बासरीही छान वाजवायचा.

तेव्हा डॉक्टर थेट छातीला कान लावत. १८१६ मध्ये नेकर हॉस्पिटलात हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला अवघड वाटलं. लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला खरवडलं की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, हे त्याला आठवलं. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. ठोके आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आले! पुढे तो लाकडाच्या नळ्या स्वतःच बनवू लागला.

खरं काम त्यानंतरचं. वॉर्डात ऐकलेला प्रत्येक आवाज तो टिपून ठेवायचा. पेशंट दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुस बघून आवाज आणि आजार यांची जोडी लावायचा. गरम भांड्यात मीठ तडतडावं तसा बारीक आवाज न्यूमोनियाच्या सुरुवातीला येतो, हे त्याने असंच पकडलं. जे मेल्यावर दिसायचं, ते आता जिवंतपणी कळू लागलं. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

पण आजार कळला तरी औषध कुठे होतं? रक्त काढणं आणि अँटिमनीचे जहाल डोस, एवढेच उपाय. पेनिसिलिन हॉस्पिटलांत पोचायला १९४० चं दशक उजाडलं.

लायनेकला स्वतःलाच क्षयाने गाठलं. १८२६ मध्ये नात्यातल्या मेरियादेकने त्याची छाती तपासली. ऐकू आलेली लक्षणं लायनेकच्याच पुस्तकातली होती. ऑगस्टमध्ये, ४५ व्या वर्षी तो गेला. स्टेथो मेरियादेकच्या नावे ठेवून.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर पाठीवर स्टेथो ठेवतील, तेव्हा फोन खिशात टाका आणि दोन मिनिटं गप्प बसा. त्यांना ऐकू द्या.