मयूराची केका

अलंकार म्हटले की आम्ही विद्यार्थी व्याख्या घोकू लागतो. यमक, श्लेष, रूपक यांची यादी पाठ होते, गुणही पदरात पडतात. पण कवीने हे दागिने घडवले कशासाठी, हा प्रश्न बाजूलाच राहतो. मला त्याचे उत्तर मोरोपंतांच्या चरित्रात सापडले.

मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. तेथेच केशव व गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांचे काव्यशास्त्राचे अध्ययन झाले. पुढे बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहून ते पुराण सांगू लागले. पुराणिकाचे श्रोते पोथी उघडून बसत नाहीत. ओळ कानातच राहावी लागते. एकच अक्षर पुनःपुन्हा आले की अनुप्रास. तोच अक्षरसमूह ठराविक जागी निराळ्या अर्थाने आला की यमक. पंतांच्या आर्यांत यमकाची एवढी रेलचेल का, हे मला येथे उमगले.

त्यांनी आर्याभारत रचले आणि रामकथा तर शंभराहून अधिक प्रकारांनी सांगितली. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरे त्यात वर्ज्य! म्हणजे कथा रामाची, आणि 'राम' म्हणायची सोय नाही. ही निव्वळ कसरत, असा आक्षेप पंतांवर नेहमी घेतला जातो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू हिरिरीने मांडली. मला दोन्ही बाजू पटतात. काही ठिकाणी शब्द खरोखरच भावापुढे धावतो.

परंतु उतारवयातली 'केकावली' वाचावी. केका म्हणजे मोराचा टाहो. कवीचे नाव मयूर. म्हणून ही मोराची आर्त हाक आणि मोरोपंतांचीही. एका शब्दातून दोन अर्थ निघाले, हा श्लेष. मोर मेघाला हाक मारतो, भक्त घनश्यामाला. भक्तच मोर झाला, हे रूपक. वृत्त पृथ्वी, चरणात सतरा अक्षरे, सारे नियम कडक; तरी आतला माणूस देवापुढे अगदी उघडा आहे. येथे अलंकार काढला तर ग्रंथाचे नावच उरत नाही, आणि विनवणीही अर्धी होते.

१७९४ च्या चैत्रात पंत बारामतीस निवर्तले. मित्रहो, परीक्षेसाठी व्याख्या जरूर पाठ करा. पण एकदा केकावली मोठ्याने म्हणून पाहा. श्लेष कशाला म्हणतात, ते कान सांगतील.