युद्ध तिकडे, काम इकडे : मारलवाईचे हायमेनडॉर्फ

उटनूर : जैनूरजवळच्या मारलवाईत बेट्टी एलिझाबेथ यांची समाधी आहे. पती ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही नंतर तिथेच आणल्या गेल्या. परदेशातल्या या जोडप्याला गोंड बांधव आजही आपलं मानतात. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 चा, व्हिएन्नाचा. मानववंशशास्त्राचा अभ्यास करायला ते भारतात आले. 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांच्या हाती जर्मन पासपोर्ट आला. 1939 मध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा इंग्रजांच्या लेखी ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. अटक झाली आणि हैदराबाद संस्थानाबाहेर जायला बंदी आली. स्वतःचा देश नकाशावरून पुसलेला, परतीची वाट बंद. अशा वेळी माणसाचं चित्त कशात लागणार? पण त्यांनी हीच बंदी कामाला लावली. आधी चेंचू, मग कोंडा रेड्डी, आणि त्यानंतर आपल्या डोंगरातले राजगोंड.

1940 मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले. हा उठाव का झाला, याचं कारण निजाम सरकारला हवं होतं. हायमेनडॉर्फ मारलवाईत झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले. दुखणं जमिनीचं होतं. जंगलखातं गोंडांना हुसकावत होतं, आणि उरलेली शेती सावकार आणि बाहेरचे लोक घशात घालत होते. उपाय एकच, कसणाऱ्याच्या नावावर पट्टा. त्यांनी सरकारकडे हा विषय लावून धरला आणि हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. मुलांची गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली गेली. तेव्हा किनवट आणि राजुराही आदिलाबाद जिल्ह्यातच होते, म्हणजे हा इतिहास सीमेपलीकडच्या वाचकांचाही आहे.

मधे सरकारने त्यांना ईशान्य सीमेवर पाठवलं, तरी ते परत आले. 1945 मध्ये आदिवासींसाठी निजामाचे सल्लागार झाले. पुढे लंडनला प्राध्यापकी केली, नेपाळवर पुस्तकं लिहिली. निवृत्तीनंतर बहुतेक लोक आराम करतात. हे दोघं मात्र पुन्हा इथे आले आणि दिलेल्या पट्ट्यांचं काय झालं ते गावोगाव तपासलं. हिशेब तोट्यात निघाला होता. कितीतरी जमिनी पुन्हा गोंडांच्या हातून गेल्या होत्या. ते त्यांनी लपवलं नाही, 1982 च्या पुस्तकात सविस्तर मांडलं.

1987 मध्ये बेट्टी गेल्या, 1995 मध्ये लंडनला ते गेले. मारलवाईचं काम मात्र त्यांनी अर्ध्यावर सोडलं नव्हतं. जमिनीचा प्रश्न आजही मिटलेला नाही. पुढचं काम आता आपलं आहे.