सुलतान खान : एका डावाचे वाचन

मीर सुलतान खान यांचा जन्म 1903च्या सुमारास पंजाबातील मिठा टिवाणा येथे झाला. वडिलांकडून त्यांनी देशी बुद्धिबळाचे धडे घेतले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीस एकच घर सरके आणि युरोपीय किल्लेबंदी नव्हती. पुढे सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने त्यांनी युरोपीय नियम आत्मसात केले. 1928मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले आणि 1929मध्ये इंग्लंडला गेले. त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद त्यांच्याकडे आले. 1932 व 1933मध्येही त्यांनी ते जिंकले.

त्यांच्या नोंदविलेल्या डावांपैकी 1930-31च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील कापाब्लांकाविरुद्धचा डाव विशेष अभ्यसनीय आहे. प्रारंभ वजिराकडील भारतीय बचावाचा. काळ्याच्या राजासमोरील प्याद्याने उंटाची वाट मोकळी करताच सुलतान खानांनी पाचव्या खेळीस वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एक घर पुढे सारले. ही खेळी वरकरणी संथ दिसते. तथापि तिने उंटास घोड्यावर दाब आणण्यापासून रोखले. हाच विचार पुढे पेट्रोसियान व कास्पारोव्ह यांच्या हाती प्रतिष्ठा पावला. डावाच्या मध्यास वजीर देऊन त्यांनी दोन हत्ती मिळविले आणि 65 खेळींत माजी जगज्जेत्यास नमविले.

प्रारंभाच्या ग्रंथांशी त्यांचा परिचय तुटपुंजा होता. त्यांच्या निरक्षरतेची कथा पाश्चात्त्य लेखनातून रूढ झाली. कुटुंबीयांनी अलीकडे ती, तसेच चाकरीचे वर्णनही, अमान्य केले आहे. त्यामुळे त्यांच्या खेळाकडे केवळ उपजत चमत्कार म्हणून पाहता येत नाही. त्यामागे मौखिक परंपरेतील दीर्घ शिक्षण होते आणि त्याचा लेखी पुरावा परक्या पटावरील डावांतच उरला आहे.

1933च्या अखेरीस ते स्वदेशी परतले. 1935मध्ये मराठी खेळाडू वि. का. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांत त्यांनी नऊ जिंकले व एक बरोबरीत सोडविला. त्यानंतर ते स्पर्धांपासून दूर राहिले. 1966मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. जागतिक महासंघाने 2024मध्ये मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला. डाव मात्र त्याआधीच अभ्यासकांच्या संग्रही स्थिर झाला होता.