जुन्या ऑर्गनला नवा श्वास देणारा कारागीर

मिस्साबलिदानात ऑर्गनचे सूर ऐकताना तो बनविणाऱ्या हातांचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. अशाच एका कारागिराची आज आपण ओळख करून घेऊ या.

आरिस्तीद काव्हाये-कोल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८११ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे झाला. आजोबा व वडील दोघेही ऑर्गन बांधणारे. त्यामुळे ही कला त्यांना घरातच मिळाली. १८३३ साली ते पॅरिसला आले, तेव्हा सां दनी येथील चर्चच्या नव्या ऑर्गनसाठी आराखडे मागविले जात होते. २२ वर्षांच्या या तरुणाने काही दिवसांतच आराखडा सादर केला आणि काम त्यालाच मिळाले.

मोठ्या ऑर्गनच्या पट्ट्या त्या काळी फार जड असत; वाजविणाऱ्याची बोटे थकून जात. चार्ल्स बार्कर या इंग्रज कारागिराने त्यावर उपाय शोधला होता. प्रत्येक पट्टीला एक छोटा भाता जोडायचा. पट्टी हलकेच दाबली की भाता हवेने फुगतो आणि जड काम तोच करतो. १८४१ साली पूर्ण झालेल्या सां दनीच्या ऑर्गनमध्ये काव्हाये-कोल यांनी ही युक्ती वापरली.

पुढे पॅरिसच्या सां सुल्पिस चर्चचा ऑर्गन त्यांच्या हाती आला. क्लिको या नामवंत कारागिराने तो १७८१ साली बांधला होता. सारे मोडून नवे उभारणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्यांनी क्लिकोचे अनेक पाईप जपले, त्यांना नवे भाते व नवी यंत्रणा दिली आणि स्वतःचे नवे पाईप त्यांच्या जोडीला बसविले. १८६२ साली ५ स्वरपट्ट्या व १०० स्टॉप असलेला हा ऑर्गन पुन्हा गाऊ लागला. १८६८ साली नोत्र दाम कॅथेड्रलच्या ऑर्गनचीही त्यांनी अशीच पुनर्बांधणी केली.

कामात त्यांनी कधी तडजोड केली नाही. पैशाची ओढाताण मात्र सुटली नाही. १८९८ साली कारखाना शार्ल म्युतँ यांच्याकडे गेला आणि १३ ऑक्टोबर १८९९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

१५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामला आग लागली. छत कोसळले, पण ऑर्गन ज्वाळांतून वाचला. शिशाच्या धुळीने माखलेले त्याचे सुमारे ८,००० पाईप उतरवून स्वच्छ करण्यात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडले तेव्हा तो पुन्हा निनादला.

जुने झाले म्हणून एखादी वस्तू बाजूला सारण्यापूर्वी, आणि थकलेल्या माणसाला विसरण्यापूर्वी, त्यांच्यात अजून किती सूर शिल्लक आहेत हे आपण क्षणभर थांबून ऐकू या.