वारा पूर्वेचा सुटला की…

आभाळ भरून आलंय, पूर्वेचा वारा झोंबतोय, वर पावसाची भुरभुर. अशा दिवशी आपण दोरीवरचे कपडे ओढून आत घेतो आणि दार लावतो. एव्हलिन बॅक्स्टर मात्र अशाच दिवसाची वाट बघायची!

एव्हलिन स्कॉटलंडची. जन्म १८७९ चा. फाईफच्या किनाऱ्याला लार्गो गावाजवळ तिचं घर. जिवाभावाची मैत्रीण लिओनोरा रिंटूल तिथलीच. दोघींनाही पक्ष्यांचं वेड. सप्टेंबर १९०७ मध्ये दोघी होडीनं ‘आईल ऑफ मे’ या बेटावर गेल्या. बेट केवढं, तर जेमतेम दोन किलोमीटर लांब. दीपगृह, खडक आणि गवत. पण एकदा गेल्या त्या पुढे पंचवीसेक वर्षं जातच राहिल्या.

त्या काळचे जाणकार म्हणायचे, पक्षी ठरलेल्या वाटांनीच ये-जा करतात. या दोघी पक्ष्यांबरोबर हवाही टिपून ठेवत. वारा कुठला, धुकं आहे का, पाऊस कधी लागला. हवा स्वच्छ आणि वारा पश्चिमेचा असला, की बेट रिकामं. आग्नेयेचा वारा सुटून आभाळ झाकोळलं, की रातोरात रॉबिन, थ्रश, पाच-सहा ग्रॅमचे इवलेसे गोल्डक्रेस्ट, सगळे दमून दगडांच्या आडोशाला आलेले. नॉर्वेकडून दक्षिणेला निघालेल्या या जिवांना वारा समुद्रावरून ढकलत इथे आणतो, असं दोघींनी मांडलं. १९१८ मध्ये ते छापूनही आलं. पदवी ना पगार, तरी तज्ज्ञांच्या मताला धक्का दिला. पटायला मात्र लोकांना खूप वर्षं लागली.

एक गोष्ट मनाला लागते. तेव्हा ओळख पटवायला अनोळखी पक्षी बंदुकीनं टिपत. ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिटनमधली पहिली ‘पाइड व्हीटइअर’ मादी त्यांना इथेच मिळाली, तीही अशीच. वाट चुकून आलेला तो जीव! आज वाचताना कसंसंच होतं. पण तेव्हा पुरावा म्हणून दुसरं काही चालत नसे.

१९३६ मध्ये स्कॉटलंडच्या पक्षीतज्ज्ञांचा क्लब निघाला, त्याच्या पहिल्या अध्यक्ष या दोघी मिळून. लोक कौतुकानं त्यांना ‘त्या भल्या बाया’ म्हणत. स्कॉटलंडच्या पक्ष्यांवरचा त्यांचा दोन खंडी ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि त्याच वर्षी लिओनोरा गेली. एव्हलिन आणखी सहा वर्षं जगली.

बेटावर १९३४ पासून पक्षी-निरीक्षण केंद्र आहे. तिथे आता बंदूक नाही. पक्षी जाळीत अलगद धरायचा, पायात कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. वारा कुठला, ते मात्र अजूनही टिपून ठेवतात.