कवडशातली धूळ पाहणारा शास्त्रज्ञ : जॉन टिंडल

जुन्या वाड्यांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी झरोक्यातून उतरणारा कवडसा आणि त्यात तरंगणारी धूळ लहानपणी तासन् तास पाहिली असेल. आपल्या प्राचीन ग्रंथांनी त्या कणाला ‘त्रसरेणू’ असे नावही दिले आहे. ही धूळ श्वासाबरोबर आत जाते, मग तिचे पुढे काय होते, हा प्रश्न एका आयरिश शास्त्रज्ञाला पडला. त्या जॉन टिंडल यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील लेलिनब्रिज या गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते आणि घरची परिस्थिती बेताची होती. १८३९ मध्ये ते सरकारी भूमापन खात्यात लागले. पण कामाच्या अटींविरुद्ध तक्रार केल्यामुळे १८४३ मध्ये नोकरी गेली. मग रेल्वेची मोजणी, पुढे शाळामास्तरकी असे करत वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी साठवलेल्या पैशांवर ते जर्मनीत मारबुर्ग येथे शिकायला गेले. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांना मायकेल फॅरेडे यांचा सहवास लाभला.

१८५९ पासून त्यांनी वायूंमध्ये उष्णता किती शोषली जाते हे मोजले. पुढे प्रकाशाच्या प्रयोगांसाठी त्यांना अगदी निर्मळ हवा हवी होती. आम्लातून आणि क्षारातून गाळूनही हवेतली धूळ जाईना. ती हवा ज्योतीवरून नेली, तेव्हा मात्र धूळ नाहीशी झाली. जी जळते ती धूळ नुसती माती नव्हे, तिच्यात सेंद्रिय द्रव्य आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

मग त्यांनी अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडून त्यावर श्वास टाकला. उच्छ्वास संपत आला की झोतात काळा डाग पडे. फुप्फुसाच्या तळातून आलेल्या त्या हवेत प्रकाश परतवणारी धूळच उरली नव्हती; ती आतच राहिली होती! कापसातून श्वास घेतला, तर झोत सुरुवातीपासूनच काळा दिसे. जानेवारी १८७० मध्ये त्यांनी धूळ आणि रोग या विषयावर जाहीर व्याख्यान दिले. रोगाचे बीज हवेतून येते हे तेव्हा पुष्कळ डॉक्टरांना मान्य नव्हते, आणि वैद्यकाबाहेरच्या माणसाने हे सांगावे हे तर मुळीच रुचले नाही. टिंडल यांनी आपले काम चालू ठेवले. कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा वापरून त्यांनी आगीच्या धुरात शिरणाऱ्या बंबवाल्यांसाठी श्वसनाचा मुखवटा तयार केला.

निर्जीव पदार्थातून जीव आपोआप उपजतो, असे मानणारेही तेव्हा होते. टिंडल यांनी आतून ग्लिसरीन फासलेली काचेच्या खिडक्यांची पेटी केली. धूळ बसून आतला झोत दिसेनासा झाल्यावर त्यांनी पेटीतल्या नळ्यांत मांसाचा रस्सा भरून उकळला. आतला रस्सा महिनोन् महिने टिकला, बाहेरचा काही दिवसांत नासला. पुढे सुक्या गवताच्या काढ्याने मात्र त्यांना दगा दिला; कितीही उकळला तरी तो नासू लागला. टिंडल यांनी हे अपयश लपवले नाही. काही जंतूंची बीजे उकळीलाही दाद देत नाहीत हे शोधून, थांबून थांबून पुन्हा तापवण्याची रीत त्यांनी काढली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

अखेरच्या वर्षांत त्यांना निद्रानाशाने ग्रासले होते. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नी लुइझा यांच्या हातून चुकून पोटाच्या औषधाऐवजी झोपेचे औषध दिले गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. लुइझाबाईंनी उरलेले सारे आयुष्य पतीचे कागदपत्र जमवण्यात घालवले. १९४० मध्ये त्या वारल्या, तरी चरित्र पुरे झाले नव्हते. ते पुढे १९४५ मध्ये इतरांच्या हातून प्रसिद्ध झाले.

घरातल्या हवेची प्रत सांगणारी आजची छोटी यंत्रेही बहुधा कणांवरून विखुरणारा प्रकाशच मोजतात. तेव्हा मुलांनी कवडशातली धूळ दाखवली, तर त्यांना टिंडल यांची गोष्ट जरूर सांगावी. आणि घर झाडताना नाकातोंडावर पदर किंवा रुमाल घ्यायलाही विसरू नये.