तेल जुनेच, औषध ॲलिस बॉलचे

१९१५ च्या सुमारास होनोलुलूच्या कलिही रुग्णालयातील डॉ. हॅरी हॉलमन यांच्यापुढे एक विचित्र अडचण होती. कुष्ठरोगावर थोडाफार गुण देणारे एक औषध त्यांच्या हाती होते, पण ते रुग्णाच्या शरीरात पोचवायचे कसे, हेच कळत नव्हते. औषध म्हणजे चालमोगऱ्याचे तेल. पोटात द्यावे तर मळमळून उलटी होई. वरून चोळावे तर फारसा उपयोग नसे. सुईने टोचावे तर ते इतके दाट, की शोषले न जाता कातडीखाली फोडांसारखे साचून राही आणि विलक्षण दुखे.

हे तेल आपल्याला परके नाही. चालमोगऱ्याचा सख्खा भाऊ म्हणजे कोकणात आणि सह्याद्रीत वाढणारे कडूकवठ. सुश्रुतसंहितेत तुवरक म्हणून कुष्ठावर सांगितलेले झाड ते हेच, असे मानतात. झाड माहीत होते, तेलाचा उपयोगही शतकानुशतके माहीत होता. घोडे अडले होते ते त्याच्या पुढे. हॉलमन यांनी मदत मागितली ती कॉलेज ऑफ हवाईमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या तेवीस वर्षांच्या ॲलिस ऑगस्टा बॉल हिच्याकडे.

ॲलिसचा जन्म २४ जुलै १८९२ चा, अमेरिकेतील सिएटल शहरातला. घर कृष्णवर्णीय आणि शिकलेले. वडील वकील व संपादक, तर आजोबा जे. पी. बॉल हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा छायाचित्र काढायचे म्हणजे पारा आणि आयोडीन यांच्याशी खेळ. नातीला रसायनांची ओढ तिथूनच लागली असावी, असा आपला माझा तर्क. आजोबांच्या प्रकृतीसाठी हे कुटुंब काही काळ होनोलुलूला राहिले आणि त्यांच्या निधनानंतर सिएटलला परतले. तेथील विद्यापीठातून ॲलिसने आधी औषधी रसायनशास्त्राची, मग औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली तिच्या प्राध्यापकांसोबत तिचा शोधनिबंध छापून आला. पुढे ती पुन्हा हवाईला गेली आणि १९१५ मध्ये रसायनशास्त्रात एम.एस. झाली. त्या कॉलेजातून ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. प्रबंधाचा विषय होता कावा या वनस्पतीच्या मुळातील घटकद्रव्ये. हॉलमन यांचे लक्ष तिच्याकडे गेले ते या कामामुळेच.

हवाईमध्ये तेव्हा कुष्ठरोगाचे निदान म्हणजे जन्माची ताटातूट. १८६६ पासून रुग्णांना मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा द्वीपकल्पावर पाठवत. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला सरळसोट कडा. शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे तिकडे गेली आणि बहुतेक तिथेच मेली. कलिही रुग्णालयात उपचार लागू पडला तर घर, नाही तर ते बेट.

दिवसा वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात तेलावर काम करायचे, असा ॲलिसचा क्रम होता. तेल म्हणजे ग्लिसरिनला चिकटलेली मेदाम्ले. तिने ती सोडवली आणि अल्कोहोलशी जोडून त्यांचे एथिल एस्टर बनवले. जड तेलाचा पातळ द्रव झाला. तो इंजेक्शनने देता येत होता आणि अंगात शोषलाही जात होता. हे औषध पाण्यात विरघळणारे होते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते खरे नाही. एस्टर पाण्यात विरघळत नाहीत. तिचे श्रेय त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. वर्षभरात तिने हे साधले.

आपले औषध रुग्णांना घरी पाठवताना पाहणे मात्र तिच्या नशिबी नव्हते. १९१६ मध्ये ती आजारी पडली, सिएटलला गेली आणि ३१ डिसेंबरला वारली. वय अवघे चोवीस. वर्गात प्रयोग दाखवताना क्लोरीन वायू छातीत गेल्याचे वृत्तपत्राने छापले होते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र क्षयरोग आहे.

तिने निष्कर्ष छापलेले नव्हते. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी काम पुढे नेले, औषध मोठ्या प्रमाणावर बनवले आणि निबंध लिहिले, पण त्यांत ॲलिसचे नाव नाही. पद्धत डीन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२० च्या सुमारास कलिहीतून ७८ रुग्णांना घरी सोडल्याची बातमी जगभर गेली, तेव्हाही तिचा उल्लेख नव्हता. १९२२ मध्ये हॉलमन यांनी आपल्या लेखात ही बॉलची पद्धत असल्याचे स्पष्ट लिहिले. त्याकडे कित्येक दशके कोणी फारसे लक्ष दिले नाही.

तिच्या कौतुकाच्या भरात एक गोष्ट सहसा गाळली जाते. या इंजेक्शनांनी रोग मुळापासून जात नव्हता. अनेकांचे चट्टे ओसरले, काहींचा आजार पुन्हा उलटला. तरी दुसरे काही चांगले हाती येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, जगभर हीच इंजेक्शने दिली जात होती. नंतर सल्फोन गटातील औषधे आली, त्यांतले डॅप्सोन आजही वापरात आहे. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. त्यातले सर्वांत प्रभावी औषध रिफाम्पिसिन. त्याचे मूळ झाडात नाही, मातीतल्या जिवाणूत आहे.

बाह्यरुग्ण विभागात सोरायसिसचे, कोडाचे, जुन्या इसबाचे रुग्ण पिशवीतून कसली कसली तेले काढून दाखवतात. झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही, ही खात्री त्यांना आधीच कोणीतरी दिलेली असते. बावचीच्या बियांतले सोरालेन कोडावर खरोखर चालते. पण मात्रा चुकून वर ऊन लागले तर कातडी भाजून निघते, फोड येतात. अशांना मी ॲलिसची गोष्ट सांगतो. तेलात गुण होताच. पण त्यातले नेमके काय, किती आणि कोणत्या वाटेने द्यायचे, हे कोणीतरी खपून शोधावे लागले, आणि तेवढे करूनही ते अर्धेच औषध ठरले.

अंगावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा असेल, तर आज सरकारी रुग्णालयात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. उपचार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो, तो घरी राहून घेता येतो.

हवाई विद्यापीठाच्या आवारात चालमोगऱ्याचे एक झाड आहे. २९ फेब्रुवारी २००० रोजी त्याच्यापाशी ॲलिसच्या नावाची पाटी बसवली गेली आणि तो दिवस ॲलिस बॉल दिन म्हणून जाहीर झाला. दिवस निवडला तोही चार वर्षांतून एकदा येणारा.